एकोणीस आणि वीस नंबरचे दगड

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा सुजलाय, म्हणून सध्या अंगं सातच धरावीत). तुझी डावीकडची दाढ कशी आहे? (वहिनी हिला कळवते, ही मला. थेट कळायची सोय दोन वर्षांत राहिली नाही.) आम्ही ठीक. म्हणजे ही ठीक आहे, आणि मी ठीक नाही यावर तिचा विश्वास नाही.

दातांचा दवाखाना बंद केल्यापासून घरात माझा जीव रमेना आणि माझ्यामुळे हिचा रमेना, म्हणून तिने जुने दगड बघत हिंडणाऱ्या एका मंडळात परस्पर आमची नावं घातली. रविवारी टेकडीवर गेलो. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसांसाठी तिथे पुरुषभर उंचीचे दगड अर्धगोलात उभे केलेत. मंडळाचे प्रमुख भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी माझ्या हाती खडू दिला आणि दगडांवर नंबर घालायला सांगितलं. सोळा दगड, कमानीत उभे, काही झिजलेले, एक हलणारा. दादा, जन्माची सवय रे! हातून वरच्या जबड्याचेच नंबर पडले: उजवीकडे अकरा ते अठरा, डावीकडे एकवीस ते अठ्ठावीस. (आम्ही दातवाले असेच मोजतो. मधले आकडे आमच्यात नसतातच.)

मास्तरांनी नंबर वाचले आणि ते ताडकन उठले. एकोणीस आणि वीस कुठायत? झालं, अख्खं मंडळ अठराच्या पुढच्या गवतात. (एक ते दहा कुठे गेले हे एकालाही सुचलं नाही.) मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिच्याच काठीला काहीतरी टणक लागलं. गवताखाली खरोखरच एक दगड आडवा पडला होता. त्यावर पाणी ओतलं, कलत्या उन्हात कोरलेले दोन खळगे दिसायला लागले. एक मोठा, त्याला चिकटून एक लहान. मला एकदम आई आठवली. हा कुणाचा असेल, असं मी मास्तरांना विचारलं.

"ते आता कळायचं नाही," ते म्हणाले. "पण एवढा दगड एकट्याने हलत नाही. मागे राहिलेले त्या दिवशी तरी एकमेकांशी बोलत होते."

नंबरांचं मी त्यांना सांगितलंच नाही.

आई गेल्यावर आणलेला तिच्या नावाचा दगड दोन वर्षं झाली तरी परसात आडवाच आहे. तुला त्यावर तिचं पूर्ण नाव, नर्सिंगची पदवी आणि मेट्रनपद हवं, मला नुसतं 'आई' हवं. आपलं ठरेपर्यंत ही त्यावर बादल्या पालथ्या घालते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगावा म्हटलं, तर आता तेही तूच.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघा टेकडीवर दुखावला नाही. सोमवारी सकाळी आईचा दगड एकट्याने उभा करायला गेलो होतो.

आणखी एक. दाढ दाखवायच्या निमित्ताने ये, वहिनीला तेवढंच सांग. मजकूर तुझाच घालू, मेट्रनपदासकट. तू फक्त एक टोक धर.