मावीला परत पाठवताना

६ जानेवारी
मावीला पोलिसांनी उचललं! चिखलीतल्या वर्कशॉपवरून, पॅकिंग करता करता. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. म्यानमारची, सीमा ओलांडून आलेली, पासपोर्ट नाही. आता परत पाठवणार म्हणे. मी वकील आहे खरी, पण अपघाताच्या केसेसची! सीनियर म्हणाले, "निर्वासितांच्या करारावर आपली सहीच नाही. सरकारला कसलं बंधन?" — घटनेचं! कलम २१ जगण्याचा हक्क प्रत्येक माणसाला देतं, फक्त नागरिकाला नाही. तोंडावर म्हणायला हवं होतं. नुसती फाइल उचलली.

७ जानेवारी
चौकीत मावीला भेटले. म्यानमारात ती नर्स होती. सैन्याच्या गोळ्या लागलेल्या पोरांना पट्ट्या केल्या, एवढाच गुन्हा. सोबतची नर्स तुरुंगातून परतलीच नाही. "दीदी, उतरते ही पकड लेंगे."

९ जानेवारी
हायकोर्टात अर्ज केला. तिच्या जिवाला धोका आहे का, हे तपासल्याशिवाय पाठवू नका — एवढंच मागणं. सरकारी वकील म्हणतात, तपासलंय. घरमालकाचा जबाब आहे, धोका नाही!

घरमालक म्हणजे पप्पा.

पोलीस घरी आले होते. पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "पोरगी गुणाची. आणि तिचा देश बुद्धाचा, साहेब! तिथं तिला कोण हात लावणार?" आमच्या बुद्धविहारात वर्षानुवर्षं हेच ऐकलंय त्यांनी — ब्रह्मदेश, सोन्याचे स्तूप, शांती. मी डोकं धरलं. ओरडले, नको इतकं ओरडले. "मी चांगलंच बोललो गं," एवढंच म्हणत राहिले.

१० जानेवारी
पप्पा जेवले नाहीत. मोबाइलवर मावीच्या गावाचा फोटो दाखवला, अर्धं गाव जळालेलं. बराच वेळ बघत होते. "सैन्यात कोण असतात गं? आपलेच, बौद्धच?" मी मोबाइल उलटा ठेवला. त्यांचा फार राग येतोय, आणि फार दयाही.

१३ जानेवारी
सुनावणी. पप्पांनी शपथपत्र दिलं — तिथलं मला काही ठाऊक नव्हतं, ऐकीव बोललो. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, "तिला स्वतःला विचारलंत का?" ते कागद चाळायला लागले! आदेश झाला: तिचं म्हणणं ऐकून निर्णय होईपर्यंत तिला हलवायचं नाही. जिंकलो! परतताना गाडीत पप्पा पिंपरीपर्यंत नुसते रडत होते.

१५ जानेवारी
ओळख पटवायला म्हणून आपल्या सरकारने तिचं नाव-गाव आधीच तिच्या देशाच्या दूतावासाला कळवलं होतं. आज तिच्या मामाचा मला फोन आला — सैन्य घरी आलं, तिच्या आईला घेऊन गेलं.

चौकीत जाऊन मावीला सांगितलं. म्हणाली, "दीदी, केस वापस लो. मुझे भेज दो."