डॉ. हेमकांत यांची धडगावची बदली रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
वैद्यकीय हलगर्जीपणा चौकशी समिती,
जिल्हा नंदुरबार.

विषय: डॉ. हेमकांत यांना शिक्षा म्हणून धडगावला न पाठवणेबाबत.
संदर्भ: माझी मुलगी नमिरा (वय ७) हिच्या मृत्यूची चौकशी.

महोदय,

मी, शबाना शौकत पिंजारी, तालुका तळोदा, अर्ज करते की, डॉ. हेमकांत यांची शिक्षा म्हणून धडगावला बदली होत असल्याचे कळले. ती तत्काळ रद्द व्हावी. मला त्यांची दया आली, असा गैरसमज नसावा. मला सूड हवा आहे.

१. नमिराला शेंगदाणा चालत नव्हता. शेजारच्या लग्नात तिने वांग्याची भाजी खाल्ली. आपल्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही, हे आपण जाणताच. अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज बसला. गावच्या सरकारी दवाखान्यात नेले, तर डॉक्टरसाहेब म्हणाले, "पित्त उठनं, दुसरं काही नही." पित्ताचे इंजेक्शन देऊन ते खुर्चीत बसले.

२. सुरतच्या डॉक्टरांनी आम्हांस आधीच बजावले होते की, गांधींसोबत उलटी झाली किंवा आवाज बसला, तर वाट न पाहता मांडीत अ‍ॅड्रेनालिन द्यायचे. मी तसे सांगितले. बीपी चांगला आहे, पडला तर देऊ, मला शिकवू नका, असे उत्तर मिळाले. बीपी पडला, मग दिले. तोवर पोरीचा श्वास संपला होता. औषध समोरच्या कपाटात होते, हे त्यांनीच आपणांसमोर कबूल केले आहे.

३. धडगावच्या लेकरांना काय घसा नसतो? तिथल्या बाया घाटातून जीपने मूल आणणार आणि समोर हेच साहेब. डोंगरातल्या गावांना नको झालेली माणसे किती दिवस पाठवणार?

४. सबब त्यांना इथेच ठेवावे. दर आठवडे बाजारी दवाखान्याच्या ओट्यावर उभे राहून, अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन केव्हा द्यायचे ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने लोकांना सांगावे. नमिराचे नाव घेऊन सांगावे. चुकले तर मी पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावीन. निवृत्तीपर्यंत त्यातून सुटी नसावी. त्यांनी माणूस पाठवून माफी मागितली होती, ती मी दारातूनच परत केली.

५. वेळ दुपारी शाळा सुटण्याची ठेवावी. मला सवड मिळेल का, याची काळजी नको. त्या वेळी मी नमिराला आणायला जात असे. आता मला काम नसते.

अर्जदार,
शबाना शौकत पिंजारी
दि. १२ फेब्रुवारी २०२५