बेकरीच्या डिस्कवरचं अर्धं घर

तीर्थरूप मामांना, भाच्याचा पिठाच्या हातांनी केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींना सांगा, मी वेळेवर जेवतो, झोपतो आणि (अजून तरी) कामावर आहे. बेकरीतली तुमची जागा तुम्ही मला मिळवून दिलीत. आता मला कायम करायचं की घरी धाडायचं, हे मालक सोमवारी ठरवणार आहेत. म्हणून हा सविस्तर खुलासा.

लेबलं छापणाऱ्या कॉम्प्युटरला नवी डिस्क आली आणि लिनक्स नव्यानं घालायचं माझ्याकडे आलं. तुम्ही सगळा कारभार एकाच पार्टिशनवर (म्हणजे डिस्कच्या एकाच खणात) ठेवून बिनघोर होतात. पण मी सातवी पास (म्हणजे परीक्षेला बसलो होतो), माझे हात स्वस्थ बसतील तर शपथ! सिस्टीमच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे ‘होम’, ‘व्हार’ असली फायलींची कपाटं, वेगवेगळ्या पार्टिशनवर ठेवल्या, तर एक भरली तरी बाकीच्या वाचतात, असं एका जुन्या पुस्तकात वाचलं आणि घातल्या सहा भिंती. कुणाला किती जागा, ते पान फाटलेलं होतं. मग ‘होम’ला अर्धी डिस्क दिली, कारण घराची किंमत परमुलखात राहणाऱ्यालाच कळते. ‘व्हार’ काय ते कळेना, त्याला दिला कोपरा. (मशीन दिवसभर जी बडबड करतं ती आणि छापायला निघालेली लेबलं, सगळं तिथंच साठतं, हे नंतर कळलं. आणि हे मशीन तर धाकट्या आत्याच्या वरताण!)

बुधवारी सकाळीच व्हार तुडुंब. लेबलं बंद, भट्टी चालू, आणि लेबलाशिवाय माल बाहेर जाईना. पावांनी ट्रे भरले, टेबलं भरली, शेवटी मालकांची खुर्चीही गेली. मालक उभ्यानंच ओरडले, “डिस्क भरली का रे?”

“नाही मालक, अर्धी रिकामी आहे. पण ती घराची.”

“मग घरात कोण राहतं?”

“कुणीच नाही.”

भट्टीवाले काका इतके हसले, की पावांची चळत त्यांच्याच अंगावर आली. मी उभ्या उभ्या घर पाडलं, जागा व्हारला दिली, लेबलं धडाधड सुटली. मालक म्हणाले, “डोकं नाही, पण हात चालतो.” (ही स्तुतीच धरली आहे.)

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. घर अगदीच रिकामं नव्हतं. मालकांच्या वडिलांची केकची सगळी मापं मीच तिथं ठेवली होती. घराबरोबर तीही गेली, आणि जुनी डिस्क आधीच पुसून झाली. सोमवारी मालक मापं मागणार.

पुन्हा ता. क. नोकरी सोडताना तुम्ही मापांची प्रत गुपचूप घरी नेलीत, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पत्र आणणाऱ्या पिठाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडेच ती द्या. मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हीच चारचौघांत कौतुकानं सांगत असता.