आई जीपमधून उतरली नाही

मिरजगाव,
२८ मे १९७१

रंगनाथमामा,

म्हैस सुटली होती हे मला सांगू नका. म्हैस गोठ्यात होती. मी स्वतः तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिनं शेपटीच्या एका फटक्यात माझा चष्मा शेणात पाडला, आणि तुमच्याकडं म्हैस एकच आहे हे चहा देताना मामीच बोलून गेली. तेव्हा "म्हस सुटलीया, ते हुडकाया गेल्यात" हे जे मामीनं आम्हाला सांगितलं, ते तिला कुणी पढवलं होतं ते मला कळतं.

(साष्टांग नमस्कार राहिलाच. तो इथं घ्या. तब्येतीचंही विचारायचं होतं, पण जो माणूस भर वैशाखात डोंगराच्या उतारावर सहा तास उभा राहू शकतो त्याची तब्येत ठणठणीत असणार. आमच्याकडं सगळे खुशाल. मी हल्ली गोष्टी मधूनच सुरू करतो. कॉलेजातल्या मित्रांना ते फार आवडतं. दादांना वाटतं, पोराच्या गोष्टीचं पहिलं पान हरवलंय.)

तर सगळं नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला वरून जे दिसलं नसेल तेही कळेल. कळसूबाईला जायची टूम माझी. बी.ए. झालो, नोकरी नाही, घरात बसून लिहितो म्हटलं की शेजारीपाजारी आईकडं दयेनं बघतात, म्हणून म्हटलं निदान राज्यातल्या सगळ्यात उंच जागी जाऊन यावं. माझा मित्र पीटर, नगरचा, त्याच्या वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात एक जीप घेतलीय. ती उतारावर चांगली चालते. पीटर हो म्हणाला, आणि तेवढ्यात आई चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, मीबी येते, कळसूबाईची ओटी राहिलीया. आईनं कधी कुठं जायचं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. (दादा तुमच्या गावच्या रस्त्याच्या विषयावर तेरा वर्षं काही बोललेले नाहीत.)

पहिला मुक्काम पुणतांब्याला छबूमावशीकडं. मावशीनं आम्हाला गोदावरीत बुचकळून काढलं, दोन दिवस आमरस घातला आणि निघताना तुमच्यासाठी कैऱ्यांचं पोतं जीपमध्ये टाकलं. आई म्हणाली, मी कुठं रंग्याकडं चाललेय, मी देवीला चाललेय. मावशी म्हणाली, "त्याच्या दारावरनंच रस्ता हाय ना देवीचा? मग हे शेंगदान्याचं लाडू डबाभर कुनासाठी, देवीला दात हायत व्हय?" आईनं पदर तोंडाला लावला आणि रस्त्याकडं बघत बसली. मावशी तुम्हाला माहीतच आहे. ती दर वर्षी तुमच्याकडं उठून येते, तिला कुणी न्यायला यावं लागत नाही, तिला एसटीचा कंडक्टरसुद्धा मुराळी म्हणून चालतो. आईला चालत नाही.

पीटरला हे काही केल्या समजेना. संगमनेरपासून अकोल्यापर्यंत मी त्याला समजावत होतो. की बहीण आपणहून माहेरी जात नाही. माहेरचा माणूस, भाऊ नाहीतर भाचा, दारात न्यायला यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात, त्याच्या मागून मान वर करून जायचं असतं. पीटर म्हणाला, आणि पत्र पाठवलं तर? मी म्हटलं, पाठवतो ना मामा. दर पंचमीला एक पोस्टकार्ड. 'पंचमीस येणे. इकडे सर्व क्षेम.' आई ते वाचून घेते आणि म्हणते, पोस्टमन काय माझा भाऊ लागतो? पीटर बराच वेळ गिअरशी झटत राहिला आणि मग म्हणाला, तुमच्याकडचे लोक फार दमवतात.

तुमच्या दाराशी जीप आईनंच थांबवायला लावली. म्हणाली, इंजिन तापलंय. इंजिन तापलं नव्हतं. मी उडी मारून उतरलो, पीटर उतरला. आई बसून राहिली. मामा, त्या जीपला दारं नाहीत. म्हणजे तिला अडवणारं काहीच नव्हतं. दोन पावलांवर तिचा जन्माचा उंबरा, आणि ती समोरच्या काचेतून असं बघत होती जणू गाडी अजून चालूच आहे.

मामी धावत आली. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तांब्या आणला, आईचे पाय जीपच्या बाहेर लोंबत होते ते तसेच धुतले. म्हणाली, "वन्सं, मी आले ना दारात न्यायला. उतरा आता." आई म्हणाली, "चांगुने, तू त्या घरात आलेली, मी त्या घरातनं गेलेली. आपल्या दोघींचं येकमेकीवर काय चालत न्हाई." मामीनं तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला ओतलं. मग तिनं तुमच्या म्हशीची ती गोष्ट सांगितली. आई म्हणाली, बरं, हुडकू दे, आमाला घाई न्हाई.

आणि मग तुमचं घरच जीपमध्ये आलं. मामीनं पाट आणला, तो सीटपुढं काही बसेना, म्हणून बॉनेटवर ताट मांडून तिथून आईच्या हातात वाढलं. (पुरणाच्या पोळीवरचं तूप तिथं ज्या वेगानं वितळलं तसं मी कुठं पाहिलेलं नाही, तेव्हा इंजिन थोडं तापलंच असावं.) आईची लहानपणची मैत्रीण राहीबाई आली, ती मागच्या सीटवर चढून बसली आणि दोघी एक तासभर मेलेल्या माणसांची नावं घेत राहिल्या. बायका येत होत्या, खालूनच आईची ओटी भरत होत्या. माणसं चढताना बघून राजूरच्या बाजाराला निघालेले दोन म्हातारे गाडी भरतेय असं समजून मागं येऊन बसले. अर्ध्या तासानं एकानं विचारलं, सुटणार कधी? आई म्हणाली, "बसा दादा, मालक डोंगरावर गेल्यात." म्हातारे बसले.

पीटर मात्र आत गेला. त्याला कुणी मुराळी लागत नाही. तो पोटभर जेवला, तुमच्या बाजेवर तुमचा टॉवेल तोंडावर घेऊन झोपला. तेरा वर्षांत आमच्या बाजूनं तुमच्या घरात झोपलेला पहिला माणूस म्हणजे नगरचा पीटर. घोरला म्हणे.

मी उंबऱ्याशी गेलो आणि परत आलो. मला आत जायला कुणाची ना नव्हती. भाचाच मी. पण आई काचेतून बघत होती, आणि मला ते जमेना. म्हणून गोठ्यात गेलो, म्हशीची भेट झाली, आणि चष्मा पुसून वर बघतो तर हिरड्याच्या झाडाखाली पांढरी टोपी. तुम्ही बसलात, उठलात, बिडी पेटवलीत, विझवलीत. मी हात वर केला. तुम्ही झाडाच्या बुंध्यामागं गेलात. मामा, ते झाड अजून लहान आहे. दोन्ही बाजूंनी तुम्ही दिसत होता.

मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, उतराल. माणूस इतका वेळ वर थांबतो तो उतरण्यासाठीच थांबतो. चारच्या सुमाराला आई म्हणाली, चल, उशीर होईल. मागच्या म्हाताऱ्यांना राजूरच्या रस्त्यावर उतरवून दिलं, तेव्हा बाजार उठला होता. निघताना आईनं लाडवाचा डबा मामीच्या हातात दिला आणि म्हणाली, म्हस घावली की तिला घाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या बारी गावाहून डोंगर चढलो. आई अनवाणी, आमच्या पुढं. पीटरनं दोनदा वाटेत बसून देवाचं नाव घेतलं. त्याच्या देवाचं घेतलं, मग दम लागला तसं आमच्याही देवीचं घेतलं. वर वारा असा की माझी वही उडाली. (त्यात माझी एक दीर्घ कविता होती. गेली ते बरंच झालं, तिला शेवट नव्हता.) आईनं ओटी भरली, आणि मग दक्षिणेच्या कडेला जाऊन बसली. खाली धरणाचं पाणी तव्यावरल्या तेलासारखं, आणि कडेला तुमचं गाव, नखाएवढं. मी जवळ जाऊन बसलो. ती खाली बघत म्हणाली, "लई वाळलाय रंग्या."

मी विचारलं, तू बघितलंस?

"लहानपनी मार बसंल म्हनून त्याच झाडामागं दडायचा. तवा ते रोप हुतं. तवाबी दिसायचाच." मग म्हणाली, "सा तास दिलं मी त्याला. म्हशीला इतका येळ लागतो व्हय?"

ती रडली नाही. मला वाटलं रडेल, म्हणून मी दुसरीकडं बघत होतो. ती ओटीतले उरलेले तांदूळ वेचून वेचून पाखरांना टाकत होती.

मामा, मला तेरा वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं. मी दहा वर्षांचा होतो. तुम्ही पंचमीला आईला न्यायला आला होता, दादा म्हणाले बाजरीची खुरपणी उरकू द्या, चार दिवस थांबा. तुम्ही थांबलात. पाचव्या दिवशी दादा म्हणाले अजून दोन दिवस. सहाव्या दिवशी पहाटे तुम्ही चहासुद्धा न घेता निघून गेलात. आईची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती, आणि मी नवा सदरा पाच दिवस अंगातून काढला नव्हता, कोण जाणे कधी निघायचं. चूक दादांची होती. हे मी त्यांच्या घरात बसून, त्यांच्याच शाईनं लिहितोय. रिकाम्या हातानं परत पाठवलेला मुराळी पुन्हा येत नाही, हेही मला कळतं. तुमचं बरोबर आहे. आईचंही बरोबर आहे. कॉलेजात मी चार वर्षं तत्त्वज्ञान शिकलो, पण दोघांचंही बरोबर असलं तर मधल्या माणसानं करायचं काय, हे कुठल्याच पेपरात आलं नाही.

मला तुमच्याकडं काही मागायचं नाही. तुम्ही म्हशीचं खोटं सांगितलंत ते मला माहीत आहे, एवढंच कळवायचं होतं. मामीला नमस्कार, म्हशीला आशीर्वाद.

तुमचा भाचा (बाजेवर झोपलेला तो नव्हे, दुसरा),
मच्छिंद्र

ता. क. वर काही मागायचं नाही लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. परत आल्यावर मी आईला सांगून टाकलं की मामीजवळ तुमचा निरोप होता, मी द्यायला विसरलो, मामा येत्या बेस्तरवारी, तीन तारखेला, तुला न्यायला येतोय. आई म्हणाली, कशाला येतोय आता. मग म्हणाली, कितीच्या गाडीनं? मी पाचची सांगितलीय. तेव्हा तुम्ही पाचच्या गाडीनं येताय. मृग लागायच्या आत.

ता. क. २. दादांना मी काही बोललो नव्हतो. काल त्यांनी आपणहून ओसरीवरची मोठी बाज अंगणात ओढून आणली आणि ती नव्या सुतळीनं विणायला बसले. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ढिली हुती." आज सकाळी विहिरीखालच्या मळ्यात खुरपायच्या बायका कामाला आल्या, त्यांना म्हणाले, बेस्तरवारी नका येऊ.

ता. क. ३. हे स्टँडवर, टपालपेटीच्या डोक्यावर कागद ठेवून लिहितोय. मी पुण्याला चाललोय. मित्रांच्या मासिकाच्या छपाईचं काम आहे असं घरी सांगितलंय, पण तसं काही नाही. बेस्तरवारी पाचची गाडी येईल तेव्हा आई पिशवी बांधून ओट्यावर बसलेली असेल. तिच्या शेजारी बसायची माझी छाती नाही. पत्ता देत नाही. गाडी लागली, निघालो.