खानदानी मुळव्याध

बाबा, तुमाले मुळव्याध नव्हती. तुमाले जाऊन पन्नास वर्षं होत आली, आता सांगून तुमाले काय फरक पडते, पण कोणाजवळ तरी पहिल्यांदा बोलावं लागते, आणि तुम्ही आता मधात टोकणार नाही.

माही पोरगी चव्वेचाळीस वर्षांची हाय, तुम्ही तिले पाहिलं नाही. तीन महिन्यांआधी तिच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. तपासली तर कॅन्सर निघाला. वरून डॉक्टरीणबाईनं बसवून सांगितलं, हे घराण्यातून आलेलं असू शकते. मी म्हणलं, "बाई, घराण्यातून आमाले पाणी भराचा एक पितळेचा गुंड आला, तोही फुटका." ती हसली आणि तिनं फोटो दाखवला. गाठीचा तुकडा पातळ कापून काचेवर रंगवतात म्हणे. पेशी आपली नक्कल काढते, नकलेत चुका होतात, त्या दुरुस्त करणारे आत असतात. ते हजर असले की तपकिरी रंग चढते. पोरीच्या गाठीत रंगच नव्हता. मले झटक्यात समजलं. चाबीवाला! तुम्ही नंदिनीच्या खाणीच्या लाईनीवर हातोडा घेऊन चालत, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चाबी ढिली दिसली की ठोकत. चाबीवाला आला नाही तर गाडी त्याच दिवशी पडत नाही, पण एक दिवस पडते. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, इतना अच्छा तो मैं भी नहीं समझा पाती." मंग तिनं विचारलं, तुमचे वडील कशानं गेले? माह्या तोंडून पाठ झालेलं निघालं, "मुळव्याध." तिनं कागदावर तुमच्या नावाचा चौकोन काढला. तपासणीचा कागद कुठं हाय, विचारलं. नाही म्हणलं तर तिनं चौकोनात प्रश्नचिन्ह टाकलं.

ते प्रश्नचिन्ह माहं हाय. तुमच्या पोटातला तुकडा बाटलीत घालून नागपूरले न्याचा होता. माय तुमच्याजवळ, भाऊ लहान, म्हणून अठरा वर्षांची मी निघाली. कंपाउंडरनं बजावलं होतं, झाकण उघडू नको. पण झाकणच ढिलं होतं. आतलं, तुकडा टिकवाचं औषधाचं पाणी गळे आणि रेल्वेच्या डब्यात सगळ्यायच्या डोळ्याले झोंबे. समोरची बाई म्हणाली, "काय सडकं घेऊन चालली व? फेक ते बाहेर!" मले भल्ली लाज वाटली. गोंदियाले गाडी थांबली तशी मी नळावर गेली, ते झोंबरं पाणी ओतून देलं, तुकडा दोनदा धुतला आणि बाटलीत साफ पाणी भरलं. मले वाटलं, आपल्या बापाची वस्तू हाय, स्वच्छ न्यावी. नागपूरले पोचली तर तपासणीवाल्यायचं बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी देली. मे महिना होता. पुढं कागद आला, तुकडा खराब झाला, दुसरा पाठवा. तुम्ही म्हणलं, "पुन्हा पुन्हा कापाले मी काय भेंडी हाय?" आणि मरेपर्यंत तपासणीवाल्यायले शिव्या घातल्या. "माह्या लाईनीवर असते तर एका दिवसात हाकलले असते!" मी बाजूले बसून पंखा हलवत होती. शिव्या माह्या होत्या, तुम्ही दुसऱ्यायले देत होते. चार महिन्यांत तुम्ही गेले. लोकं विचारत, माय सांगे मुळव्याध. मीही तेच सांगत आली.

आता मरोदा गावात माह्या भावाचा पोरगा हाय, छत्तीस वर्षांचा. वर्षभरापासून त्याले रक्त पडते आणि तो चूर्ण खाऊन राहिला. मी दोनदा गेली, म्हणलं दुर्बीण टाकून आतडं पाहून घे. तो हसते. "आत्या, अपनी तो खानदानी है. आबाजीले होती, मले हाय. त्याच्यासाठी तिकडून दुर्बीण? इज्जत का सवाल है." मी म्हणलं, "इज्जत घाल चुलीत, आतडं सांभाळ." तो म्हणे, "आधी तुमचं रक्त तपासून कागद येऊ द्या. तुमच्यात निघालं तर जाईन."

म्हणून मी रक्त देलं. मले सत्तरीपर्यंत काही झालं नाही, तरी पोरीले माह्याकडूनच गेलं असू शकते, अर्धी अर्धी शक्यता असते म्हणे. माह्यात नाही निघालं तर ते तुमच्या जावयाकडचं, म्हणजे माह्या नवऱ्याकडचं असन. त्या बिचाऱ्यावर ढकलाले मी महिनाभर मनात तयारच बसली होती. पण मंग ध्यानात आलं, नाही निघालं तर मरोद्याचा तो चूर्णच खात बसन. आणि निघालं तर नातीलेही सुई टोचावी लागन, वीस वर्षांची हाय ती. कोणता कागद चांगला, मले सांगता येत नाही. काहीही निघो, मरोद्यात जाऊन त्याले गोंदियाच्या नळाचं सांगाचं हाय, आणि त्याची मले त्या कागदाहून जास्त भीती वाटून राहिली.

कागद आज आला. नातीच्या फोनवर आला, ती फोन घेऊन दारात उभी हाय. "आजी, खोलूं क्या?" म्हणते. मी म्हणलं, थांब, एवढं पान भरू दे. तुमाले हे पोचणार नाही, मले माहीत हाय, मी काही येडी नाही. पान कवाचंच भरलं बाबा. आता मागच्या बाजूनं लिहून राहिली.