अकरा निळ्या वह्या

२ सप्टेंबर, सकाळी ६.३२
उठलो. उठल्याचा पुरावा म्हणून बेसिनच्या नळाचा फोटो काढून 'लवकर उठणारे' ग्रुपवर टाकला. नऊ जणांत पहिला. सरकारी नोकरीच्या परीक्षेचा हा चौथा प्रयत्न, आणि शेवटचा. आईला तसा शब्द दिलाय. नाही झालं तर गावी, जेचॉनला परत जायचं आणि मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं. अर्थात तशी वेळ येणार नाही.

सकाळी १०.४५
पुन्हा उठलो. ग्रुपचा नियम उठण्याबद्दल आहे. पुन्हा झोपू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

५ सप्टेंबर
नवीन वेळापत्रक केलं. चार रंगांत. लाल म्हणजे भाषा, निळा इतिहास, हिरवा इंग्रजी, पिवळा विश्रांती. पिवळा पेन लवकर संपला. दिवस यातच गेला, पण पाया पक्का हवा.

११ सप्टेंबर
आज जेवणाच्या ग्रुपात नवीन मुलगी आली. राखाडी टोपी. आता आम्ही तिघं: मी, लष्करी बूटवाला आणि ही. दुपारी बारा वीसला जिन्याखाली भेटायचं, गाडीवरचा कपातला भात घ्यायचा, पंचवीस मिनिटांत जेवून आपापल्या वाटेने जायचं. नाव विचारायचं नाही. परीक्षेबद्दल बोलायचं नाही. खरं तर बोलायचंच नाही. एकट्याने जेवायला नको आणि वेळही वाया जायला नको, म्हणून परीक्षेच्या क्लासेसनी भरलेल्या या अख्ख्या नोर्यांगजिन भागात असे ग्रुप आहेत, पण आमच्याइतका कडक कुठलाच नाही. नियम मीच लिहिलेत. मोडला तर त्याच दिवशी बाहेर. राखाडी टोपीने कागद दोनदा वाचला आणि मान डोलावली. माझ्याकडे जरा आदराने पाहिल्यासारखं वाटलं.

३ ऑक्टोबर
भाषेचा पेपर बदलणार म्हणे! पाठांतर जाणार, समज येणार. क्लासच्या जिन्यात दोघी रडत होत्या. एकजण भिंतीवर डोकं टेकून उभा होता. मी शांत. समज माझ्यात उपजतच आहे. इतकी वर्षं पेपरच चुकीचा होता, हे आता आयोगालाही पटलेलं दिसतंय.

४ ऑक्टोबर
आईचा फोन. बाजारात तिच्या लोणच्या-भाज्यांच्या गाळ्यावर कुणीतरी तिला पेपर बदलणार म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मग आधीचं केलेलं सगळं फुकट का रे? म्हटलं, आई, फुकट काही जात नसतं. ती म्हणाली, मामा विचारत होता. मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

९ ऑक्टोबर
मोठा निर्णय. भाषेच्या अकरा निळ्या वह्या अभ्यासिकेबाहेरच्या 'हवं त्याने न्यावं' फळीवर ठेवून आलो. म्हणी, चिनी अक्षरं, व्याकरण. चार वर्षांचं रक्त आटवलंय त्यात. हातातून सोडताना गलबललं. पण जुनं ओझं घेऊन नवा डोंगर चढता येत नाही.

१० ऑक्टोबर
जेवताना राखाडी टोपीच्या पिशवीतून निळा कोपरा दिसला. माझ्या वह्या! बिचारी. पेपर बदलणार हे तिला कळलेलंच दिसत नाही. सांगावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. आणि दिलेल्या दानाबद्दल बोलू नये.

नोव्हेंबर (तारीख पाहिली नाही)
समजेचा अभ्यास चालू. समजेची पुस्तकं अजून आलेली नाहीत, आणि अर्धवट आलेली घेण्यात अर्थ नाही. सध्या मालिका पाहतो. माणसं असं का वागतात ते समजून घेतो. सोळा भाग झाले. लाल रंगाचा वेळ यात धरला.

१२ डिसेंबर, दुपारी ४
आयोगाची सूचना आली. नवा पेपर एप्रिलच्या परीक्षेनंतर. एप्रिलला जुनाच. पाठांतर जसंच्या तसं.

१२ डिसेंबर, दुपारी ४.१०
परत वाचलं. जुनाच.

१३ डिसेंबर
घाबरण्याचं कारण नाही. वह्या आहेत. म्हणजे समोरच आहेत. रोज बारा वीसला माझ्यासमोर बसून भात खातात. फक्त मागायच्या. आणि मागायचं म्हणजे बोलायचं, तेही परीक्षेबद्दल. म्हणजे मीच ग्रुपातून बाहेर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

१६ डिसेंबर
माझ्या कपातलं अंडं तिच्या कपात ठेवलं. तिने मान लववली आणि खाल्लं.

१८ डिसेंबर
पुन्हा अंडं. पिशवीकडे सूचक पाहिलं. तिने पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली.

२० डिसेंबर
चिठ्ठीचा मार्ग. चिठ्ठी म्हणजे बोलणं नव्हे. अभ्यासिकेत पेन टिकटिकवला तरी शेजारी चिठ्ठी लावतात, तेव्हा यात गैर काही नाही. फार स्पष्ट लिहिलं तर परीक्षेचा उल्लेख होईल. म्हणून एवढंच लिहिलं: 'माझं जे आहे ते तुमच्याजवळ आहे. तुम्हाला ठाऊक असेलच. परत मिळालं तर जीव वाचेल.' कॉफीच्या डब्याला चिकटवून अभ्यासिकेतल्या तिच्या सत्तावीस नंबरच्या टेबलावर ठेवली.

२३ डिसेंबर
ती एकवीसवर बसते. सत्तावीसवर बूटवाला बसतो. तो तीन दिवस जेवायलाच आला नाही.

२४ डिसेंबर
बूटवाला आला. बोलायची सोय नाही, म्हणून त्याने आपला फोन टेबलाच्या मधोमध उघडा ठेवला. पडद्यावर त्याच्या लग्नाचा फोटो. पंचवीस मिनिटं तो फोटो आम्हा तिघांच्या मध्ये होता. उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला मुळा माझ्या कपात टाकला. राखाडी टोपीने दोघांकडे पाहिलं आणि भराभर भात संपवला.

८ जानेवारी
ठरवलं: वह्यांची गरज नाही. माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, ते डोक्यात असणारच. डोळे मिटून वही क्रमांक एक आठवली. पानन् पान आलं. दोन आणि तीनही आल्या. चौथी आठवेना. पाचवीचं फक्त कव्हर आठवलं. थकवा असणार. झोपलो.

२ फेब्रुवारी
आईने डब्यात मुळ्याची किमची आणि तिळाच्या तेलात परतलेले छोटे मासे पाठवले. चिठ्ठीत लिहिलं होतं, मामा दुकानात तुझ्यासाठी खुर्ची आणली म्हणाला, मी त्याला म्हटलं, खुर्ची परत कर. वाचून जेवण गेलं नाही. मग गेलं.

९ मार्च
आज बोलायचं ठरवून गेलो. ग्रुप गेला तर गेला. नोकरी मोठी की भात मोठा? तोंड उघडलं. तेवढ्यात राखाडी टोपीने नियमांचा कागद काढला, माझ्याच अक्षरातला, चार घड्या घातलेला, आणि माझ्यासमोर ठेवला. मी तोंडात भात घातला. नियम इतके काटेकोर पाळणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

४ एप्रिल, रात्री
उद्या परीक्षा. आईचा फोन. नीट जेव म्हणाली. ठेवताना म्हणाली, ग्युबोम, नाही झालं तरी घरी ये हं. मला हे आवडलं नाही. आधीच असं बोलायचं कशाला?

५ एप्रिल
पेपर छान. वही एक ते तीनमधलं सगळं आलं. बाकीच्या प्रश्नांना समज वापरली.

२८ एप्रिल
निकालाची वाट. 'लवकर उठणारे' ग्रुपवर नळाचा फोटो टाकला. ग्रुपमध्ये आता मी एकटाच आहे.

१७ मे, सकाळी ९
यादी लागली. माझा नंबर नाही. तीनदा पाहिला. मग शेजारच्या यादीत पाहिला, ती अग्निशमन दलाची होती. त्यातही नाही.

१७ मे, दुपारी
बारा वीसला जिन्याखाली उभा राहिलो. कुणी आलं नाही. बूटवाला परीक्षेनंतरच गावी गेला होता. गाडीवाल्या मावशींनी माझ्यासाठी एक पिशवी ठेवली होती. म्हणाल्या, ती टोपीवाली पोरगी देऊन गेली, पास झाली म्हणे, रडत होती बाई, एवढे महिने मला वाटायचं मुकीच आहे. मग माझ्या कपात न मागता दोन अंडी टाकली.

पिशवीत अकरा निळ्या वह्या. वर चिठ्ठी. ती इथेच चिकटवून ठेवतो.

'आता मी ग्रुपात नाही, म्हणून लिहिते. या वह्या फळीवर सापडल्या. पहिल्या तीन भरलेल्या होत्या, पुढच्या आठ पहिलं पान सोडून कोऱ्या. कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून उचलल्या आणि माझ्या नोट्स त्यात काढल्या. तुम्ही पिशवीकडे पाहायचात, तेव्हा वाटायचं की तुम्हालाही हव्या असतील, पण तुम्ही नियम मोडणाऱ्यांतले नाही. ९ मार्चला तुम्ही थकलेले दिसलात, म्हणून मी कागद दाखवून तुम्हाला सावरलं. आता अकराही पूर्ण आहेत. पेपर बदलतोय, तेव्हा कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. तरीही तुमच्याकडे असाव्यात. अंड्यांबद्दल आभार. नाव विचारत नाही.'

१८ मे
चौथी वही उघडली. पहिल्या पानावर माझं वेळापत्रक, चार रंगांत. दुसऱ्या पानापासून तिचं अक्षर. पाचवीही तशीच. सहावीही. मला भरलेल्या आठवतात.

१९ मे
नवीन पेपराचा अभ्यासक्रम पूर्ण बाहेर आलाय. म्हणजे आता सगळे शून्यातून सुरू करणार. म्हणजे मी आणि बाकीचे बरोबरीत. वही आणायला खाली गेलो. दुकानातल्या बाईने न विचारताच निळी काढून ठेवली. घेतली नाही. वर आलो.

२३ मे
आई मामाच्या टेम्पोतून मला न्यायला आली. पाच जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होती. खोली पाहून म्हणाली, एवढ्याशा जागेत राहायचास होय रे. मग खाटेच्या कडेवर बसून सामान भरू लागली. वह्या कागदात गुंडाळताना एकेक उघडून पाहत होती. मी म्हटलं, त्या टाकून दे. ती म्हणाली, टाकीन बरी, लेकाचे कष्ट आहेत. मग सातवी वही मांडीवर घेऊन बराच वेळ पानं उलटत राहिली. म्हणाली, चौथ्या वहीपासून अक्षर किती सुधारलंय रे तुझं.

मी हो म्हटलं.