मास्तर वाजवतात, ते मी

३ मार्च, शुक्रवार

टाळ्या थांबेचनात आज! निवेदक दोनदा बोलायला गेला, दोनदा गप्प बसला. मास्तर झुकले, चकचकीत कोट, ट्रम्पेट छातीशी. एकवीस वर्षं टीव्हीवर असंच झुकतायत. शाळेतली पोरं नक्कल करतात त्यांची. आणि मी मागच्या काळ्या पडद्याआड, दिव्यांच्या खांबांमध्ये, स्टुलावर. ओठ सुजलेले. वाजवलं मी!

इथं तरी लिहितो. दुसरीकडे बोलायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी मास्तर जिन्यात पडले, पुढचे दात गेले. कवळी बसवली. कवळीनं हसता येतं, ट्रम्पेट वाजत नाही. ओठाला मागून टेकू लागतो, तोच नाही. म्हणून ते पुढे उभे राहून गाल फुगवतात, सूर माझा. माझ्यासमोर एक छोटा टीव्ही ठेवलेला असतो. त्यात मास्तरांचं कोपर वर गेलं की फुंकायचं, खाली आलं की थांबायचं. वाद्यवृंदातल्या अकरा जणांना माहीत, निर्मातीबाईंना आणि ध्वनिवाल्याला माहीत. आणखी कुणाला कळलं तर माझं काम गेलं. मास्तर मला वाऱ्या म्हणतात. "वाऱ्या, जोर जरा कमी लाव. मी दिसतो साठीचा आणि वाजतो पंचविशीचा!"

५ मार्च

ताईचा फोन. म्हणाली, शुक्रवारी मास्तरांचा कार्यक्रम लागला की बाबा घरात कुणाला खोकूसुद्धा देत नाहीत. आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं.

बाबा सर्कशीत ट्रम्पेट वाजवायचे. सातवीत माझी शाळा सुटली त्या वर्षी त्यांनीच मला शिकवला. इकडे यायचं ठरलं तेव्हा घरी काय सांगणार? सांगितलं, स्टुडिओत तारा ओढायचं काम मिळालंय. बाबा म्हणाले, "तारा गुंडाळायच्या तर ट्रम्पेट इथंच ठेवून जा." ठेवला. मास्तरांच्या जुन्यावर वाजवतो. दोन वर्षं बाबा फोनवर आलेले नाहीत.

त्यांना कळायला पाहिजे. बाकी जगाचं काय घेऊन बसलात! एका माणसाला.

९ मार्च

मास्तरांना विचारलंच. फक्त बाबांना सांगू का? ते किसलेलं सफरचंद खात होते, चावत नाही ना. म्हणाले, "तू बापाला सांगशील. बाप शेजाऱ्याला सांगेल. बापच तो, छाती फुगणारच."

मग चमचा खाली ठेवला. "सोळाव्या वर्षापासून हेच करतोय रे मी. हॉटेलात, जहाजावर, मग इथं. दुसरं काही येतच नाही मला. साधा बल्ब बदलता येत नाही. बायको बदलते."

असं बोलल्यावर माणूस भांडणार कसा? पण राग गेला नाही. अजून आहे.

१० मार्च, शुक्रवार

गेलं. सगळं गेलं.

शेवटची धून, शेवटचा लांब सूर. असा लागला, असा लागला, की मी डोळे मिटले. एकच नियम होता, नजर काढायची नाही! आणि नेमकी तेव्हाच मास्तरांची कवळी निसटली. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला, तोंडावर हात दाबला. आणि सूर चालूच! कार्यक्रम थेट. सगळा देश बघतोय. ड्रमवाल्यानं पडद्यातून लाथ घातली तेव्हा थांबलो.

 मास्तरांनी कोट काढून नीट हँगरला लावला नि ते गेले.

११ मार्च

चहावाल्याच्या टीव्हीवर तेवढाच तुकडा परत परत. लोक पोट धरून हसतायत. मीही हसलो. नाही हसलो तर दिसेन म्हणून.

१३ मार्च

निर्मातीबाईंनी बोलावलं. "आम्ही जाहीर केलंय, घसा बसला होता म्हणून त्या दिवशी टेप लावली होती." टेप! म्हणजे मी टेप. "आणि खरंच टेप केली तर? सगळ्या धुना एकदा वाजवून दे. मग दर शुक्रवारी कुणाची झोप उडायला नको." मी विचारलं, मग माझं काय? त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "बघू ना, कुठंतरी लावून घेऊ. तारांचं काम असतंच."

तारांचं काम! मोठ्यानं हसलो. त्यांना वाटलं वेडा झालो.

१७ मार्च, शुक्रवार

आज जुनाच कार्यक्रम दाखवला. दिवसभर खोलीत पडून.

२२ मार्च

टेप झाली. अकरा धुना, एका दुपारी. ठरवून गेलो होतो, सगळ्या बिघडवायच्या. सूर बसला तर बसला. पण तोंडाला लावला की हात ऐकेनात. वाईट वाजवायला गेलो आणि जमलं नाही! काचेपलीकडे मास्तर मान खाली घालून बसलेले. संपल्यावर आत आले.

म्हणालो, "तुमचं बरंय. नाव आहे, टेप आहे. मी कशाला लागतो आता?"

ते म्हणाले, "तुला वाटतं मला मजा येते? दर शुक्रवारी लोक टाळ्या वाजवतात आणि मला कळत नाही कुणाकडे बघून झुकू."

"मग झुकू नका!"

ध्वनिवाला बटणं बघत बसला, जणू ऐकूच येत नाही त्याला. मी जुना ट्रम्पेट टेबलावर ठेवला आणि निघालो. दारातून मास्तरांनी हाक मारली, "वाऱ्या!" थांबलो नाही.

आता वाटतंय, थांबायला हवं होतं.

२४ मार्च, शुक्रवार

जाणार नव्हतो. गेलो. पडद्याआड माझं स्टूल नव्हतं, तिथं तारांचं वेटोळं पडलेलं. ड्रमवाल्याच्या मागे उभा राहिलो.

सुरू व्हायच्या आधी मास्तर ध्वनिवाल्याजवळ वाकले. मला ऐकू आलं: "टेप लावलीस तर तुझी कानशिलं लाल करीन." तो हसला, चेष्टा समजला. मग त्यांचं तोंड बघून हसायचा थांबला.

पहिली धून. मास्तरांनी कोपर उचललं. माझा श्वास आपोआप भरला, सवयीनं! आणि त्यांनी स्वतः फुंकलं.

पहिला सूर फाटला. दुसरा निम्म्यात बसला. वारा बाजूनं सुटत होता, फुसफुस ऐकू येत होती. वाद्यवृंद घाबरून हळू झाला. ते थांबले नाहीत. मान लाल, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. पूर्ण धून वाजवली. वाईट वाजली, फार वाईट. निर्मातीबाई डोक्याला हात लावून उभ्या. मला रडू फुटलं, आणि ते कशाचं ते मला नक्की सांगता येणार नाही.

टाळ्या पडल्या, पण तुटक, विचारत विचारत पडल्यासारख्या. मास्तर झुकले नाहीत.

बाहेर येताना माझ्याजवळून गेले. ओठातून रक्त. पुटपुटले, "माझं वाजवणं संपलंय, ते मीच सांगायला हवं होतं. दोन वर्षं उशीर केला." जुना ट्रम्पेट माझ्या हातात दिला. पुढच्या शुक्रवारी कोण उभं राहणार, कुणालाच माहीत नाही.

बाबांनी आज काय ऐकलं असेल? त्यांचे मास्तर, असे फाटके. आणि मी मात्र तारावाला तो तारावालाच.

२५ मार्च

ताईचा फोन. काल मास्तरांनी धून सुरू केली आणि दोन सुरांतच बाबांनी उठून टीव्ही बंद केला. म्हणाले, "आज आपला नाही वाजवत." ताई मला विचारत होती, आपला म्हणजे कोण रे?